इंजिनचा एअर फिल्टर बदलताना काय बघता? अनुभव लिहा (इंदूर आणि आसपास)

रामबागकर
राजवाड्यामागे आज एक जुनी जीप बॉनेट उघडून उभी होती. ऑइल बाथ एअर क्लीनर! खाली तेलाची वाटी, वर तारेची जाळी. वाटीतला गाळ टाकायचा, रॉकेलने धुवायचं, खुणेपर्यंत इंजिन ऑइल भरायचं, खेळ खलास. आता दुकानदार एका गाडीसाठी काउंटरवर चार डबे मांडतो आणि विचारतो, "कौनसा दूँ भिया?" म्हणून हा धागा. सोयाबीन निघतंय, धुळीचे दिवस सुरू झालेत, वेळही बरी आहे.

सुरुवात करतो. दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर द्या. 'स्विफ्ट पेट्रोल' म्हणून भागत नाही, २०२१ मध्ये त्याच नावाखाली के१२एम जाऊन के१२एन इंजिन आलं. गाडीच्या कंपनीचा पार्ट नंबर हाती आला की बॉश, माहले, प्युरोलेटर कोणाचाही कॅटलॉग त्यावरून लावता येतो. जुना फिल्टर बरोबर न्या. लांबी-रुंदी सगळेच जुळवतात, कडेची जाडी कोणी बघत नाही.

वर्कशॉपकाका
लाख बोललात. कागद कितीही भारी असो, कड डब्याच्या खाचेत नीट बसली नाही तर हवा बाजूने जाते आणि धूळ तिच्याबरोबर. नवा फिल्टर हातात घेऊन कड अंगठ्याने दाबा. चांगली पीयूची (पॉलीयुरेथेन, रबरासारखं मऊ प्लास्टिक) कड दबते आणि सोडली की लगेच वर येते. स्वस्तातली एकतर कडक असते नाहीतर दाबलेली तशीच राहते. चारही कोपरे बघा, जोड तिथेच उघडा पडतो. मग घड्या. सरळ आणि सारख्या अंतरावर हव्यात, एकमेकींना चिकटलेल्या नकोत. जुन्याशी मोजून बघा. नकली मालात कागद वाचवायला घड्या कमी घालतात, दिसायला फिल्टर तेवढाच, धूळ धरायला जागा कमी.

बसवताना: क्लिपा सोडा (काही गाड्यांत स्क्रू असतात), झाकण उचलताना सेन्सरची वायर ताणू नका. जुना फिल्टर कलंडू न देता सरळ वर काढा, नाहीतर माती आतच सांडते. डबा ओल्या फडक्याने पुसा. हवा मारू नका, ती माती थ्रॉटलकडे (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे) जाते. झाकणाचे दात मागच्या खाचेत गेलेत ना ते बघा आणि मगच क्लिपा लावा. क्लिपेला जोर लागतोय म्हणजे कड कुठेतरी मुडपली आहे. उघडून परत बसवा.

पास-नापास पुढच्या वेळी कळतं. फिल्टरनंतरचा पाइप आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. धुळीची रेघ आली तर कड गळते आहे.

पोहेप्रेमी
जीपचा फोटो टाका की राव!!

सौ. सुदामानगर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. एसीचा फिल्टर वेगळा आणि इंजिनचा वेगळा. एसीचा बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे, इंजिनचा बॉनेटखाली काळ्या डब्यात. बिलात नुसतं "फिल्टर" लिहिलेलं चालवून घेऊ नका, कोणता ते लिहून घ्या आणि जुना परत मागा. एसीची हवा कमी येते म्हणून इंजिनचा बदलून काही होत नाही.

महूवाला
भेरू घाट चढताना गाडी दम टाकते. फिल्टरच ना?

वर्कशॉपकाका
महूवाले, पेट्रोल की डिझेल ते तर सांगा! डिझेल असेल आणि चढावर काळा धूर सोडत असेल तर आधी एअर फिल्टर उघडा. धूर नसेल तर टर्बोचे (इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या पंख्याचे) होज, डिझेल फिल्टर, क्लच या क्रमाने जा. आणि "फिल्टर काढून एक चक्कर मारून बघ" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. टर्बोचं चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं, एक खडा पुरतो.

पीथमपूरकर
थोडा हिशेब. पेट्रोलच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते, म्हणजे लिटरमागे साधारण ९ हजार लिटर. लिटरला १५ चालणारी गाडी १० हजार किलोमीटरमध्ये ६० लाख लिटर हवा ओढते, आणि ती सगळी त्या वीतभर कागदातून.

फिल्टरच्या चाचणीचं मानक आयएसओ ५०११. त्यात तीन गोष्टी मोजतात: हवेला अडथळा किती, धूळ किती टक्के अडते, आणि चोक होईपर्यंत किती धूळ मावते. एक वाढवायला गेलं की बहुधा दुसरीला फटका बसतो. डब्यावर फक्त "जास्त हवा" लिहिलेलं असेल तर उरलेल्या दोन आकड्यांचं काय, ते विचारा.

मायलेजबद्दल. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं होतं. इंजेक्शनच्या (कॉम्प्युटरने मोजून पेट्रोल फवारणाऱ्या) पेट्रोल गाड्यांत चोक फिल्टरने मायलेज फारसं हलत नाही, पिकअप मात्र पडतो. थ्रॉटल तसाही हवा अडवतच असतो, फिल्टरने अडवली तर तो जास्त उघडतो, मिश्रण तेच राहतं. कार्ब्युरेटरच्या गाड्यांचं गणित वेगळं. तेव्हा "नया डालो, ॲव्हरेज बढ़ेगा" हे ऐकून खर्च करू नका.

भंवरकुआँ_भिया
मग तो धुवायचा लाल कॉटनचा घ्यावा का? एकदाच पैसे.

पीथमपूरकर
भिया, तो तेल लावलेला असतो. धुऊन परत तेल लावताना हात सैल सुटला की तेलाचा फवारा एमएएफ सेन्सरच्या (आत किती हवा गेली ते मोजतो तो) गरम तारेवर बसतो आणि रीडिंग चुकतं. छोट्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत एमएएफ नसतो, हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, तिथे ही भीती कमी. पण धुऊन पूर्ण वाळायला वेळ लागतो, तोवर गाडी उभी, आणि घाईत हेअर ड्रायर मारला तर कापूस आकसतो. रोजच्या गाडीला, तेही बायपासच्या धुळीत, कागदीच घाला.

आजोबा टिळकनगर
२०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर आपला, आणि धागा फिल्टरच्या धुळीवर 😄

रामबागकर
आजोबा, रस्ते रात्री झाडतात हो! पण मेट्रोची खोदाई आणि शेतातली काळी माती कोण झाडणार? ती वाळली की पिठासारखी उडते.

वर्कशॉपकाका
किती किलोमीटरला, हे अजून कोणी विचारलं नाही म्हणून सांगतो. पुस्तिकेत दोन रकाने असतात, साधा वापर आणि धुळीचा वापर. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना साध्या वापरात ३० ते ४० हजार देतात. देवास, उज्जैन, गावची कच्ची वाट असं चालणं असेल तर दुसराच रकाना आपला. त्यात पाच-पाच हजारांना बघायला सांगतात.

बघायला म्हणजे बघायला. दर सर्व्हिसला हवा मारून परत ठेवायची खोड वाईट. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो, तुम्ही तो थर उडवता आणि वर कागद फाडता. मारायचीच तर आतून बाहेर, म्हणजे स्वच्छ बाजूकडून, २ बारच्या आत, नळी वीतभर लांब धरून. पंपावर टायरची हवा मारतात तशी जवळून मारली की सुईएवढी भोकं पडतात. दिव्यासमोर धरा: सगळीकडून मंद उजेड ठीक, एकाच ठिकाणी लख्ख ठिपका दिसला तर फेकून द्या. आणि काळा दिसतो म्हणून चोक समजू नका. नवा आणलात की स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कडेवर पेनाने लिहा, पुढे तुलना करायला सोपं.

सौ. सुदामानगर
माझ्या काट्यावर नाही हं 😡 पिशवीत घालून ठेवा. पावसात भिजलेल्याचं काय?

वर्कशॉपकाका
ताई, नवाच घाला. वाळवला तरी घड्या लहरी होतात आणि डिंक सुटतो. डब्याच्या तळाला पाणी जायचं बारीक भोक असतं, ते पानं-चिखलाने बुजलेलं असतं. तार घालून मोकळं करा. फिल्टर ओला आणि त्याच्या पुढचा पाइपही ओला असेल तर स्टार्टर मारूच नका, गॅरेजवाल्याला बोलवा.

लोकमान्यनगर
उंदरांवर कोणी लिहीत नाही. थंडी पडली की डब्यात घर करतात, कागद कुरतडून गादी. वास आला किंवा शेंगांची टरफलं दिसली तर फिल्टर उलटा करून खालची बाजू बघा, भोक तिथे असतं.

पोहेप्रेमी
डांबर गोळ्या?

लोकमान्यनगर
डब्यात काही टाकायचं नाही, इंजिनात ओढलं जाईल. हवा घ्यायच्या तोंडाला साधारण ६ मिलिमीटर चौकोनाची जाळी, बाहेरून, दोन केबल टायने. मच्छरदाणीची बारीक जाळी नको, पावसात चिखलाने बसते.

महूवाला
पेट्रोल आहे काका, पण सीएनजी किट लावलंय बाहेरून. चढावर सीएनजीवरच असते.

वर्कशॉपकाका
हे आधी सांगायचं. सीएनजीवर ताकद कमीच पडते, घाटात पेट्रोलवर टाकून बघा. तरी फरक नाही पडला तर फिल्टर. किट जुनं मिक्सरचं (हवेच्या पाइपातच गॅस मिसळणारं) असेल तर पूर्वी फटाका फुटल्यासारखा आवाज कधी आला होता का? बॅकफायरने डब्याचं झाकण उचकतं, क्लिप तुटते, कागद फाटतो आणि वरून काही दिसत नाही. झाकण हाताने हलवून बघा. हललं तर डब्यासकट बदला, नुसता फिल्टर घालून ती फट बुजणार नाही.

महूवाला
हलतंय. एक क्लिप नाहीच.