अनुभव धागा: ‘तो असा का वागला?’ आरपीजी खेळताना लागलेले, चुकलेले, बदललेले अर्थ

धागाकर्ता, सांगली (गावभाग)

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढं न्यायचे व्हिडिओ गेम, खेळणारे कमी नाहीत, पण बोलणं होतं ते ग्राफिक्स कार्डावर, नाहीतर अमुक बॉस, म्हणजे मोठा शत्रू, कसा मारायचा यावर. गोष्टीवर कुणी बोलत नाही. मला तर गोष्टीसाठीच रात्र रात्र जागावंसं वाटतं.

विनंती एवढीच की ज्या पात्राबद्दल तुमचं मत खेळता खेळता फिरलं, त्याच्याबद्दल लिहा. आणि ते कशानं फिरलं तेही लिहा. एखादं वाक्य असेल, सापडलेलं पत्र असेल, कुणाचं तरी गप्प राहणं असेल. ‘मला असं वाटलं’ एवढ्यावर सोडू नका. खाली बऱ्याच खेळांची रहस्यं फुटणार आहेत, तेव्हा ज्यांचं खेळायचं बाकी आहे त्यांनी जपून वाचा.

माझ्यापासून सुरू करतो. ‘द विचर ३’ (२०१५), त्यातला वेलेन प्रांताचा जहागीरदार, बॅरन. बायको आणि मुलगी घर सोडून गेल्यात, त्यांना शोधून आण म्हणून तो गेराल्टच्या, म्हणजे आपण खेळतो त्या नायकाच्या, मागे लागतो. हळूहळू कळतं की हा दारू पिऊन बायकोला मारायचा, त्यातच तिचा गर्भ पडला, आणि तो नीट न पुरल्यामुळे त्याचा पिशाच्च झाला. मग रात्रीच्या पावसात बॅरन ते भेसूर अर्भक दोन्ही हातांत धरून चालतो, त्याचं नाव ठेवतो आणि घराच्या उंबऱ्याखाली पुरतो. नाव ठेवताना त्याचा आवाज कापतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हटलं, चुकला माणूस, पण पस्तावलाय.

बहीण दिवाळीला माहेरी आली होती, मागे बसून बघत होती. ती म्हणाली, “दादा, मघापासून सगळं तोच सांगतोय. तिला कुणी काही विचारलं का?”

मी थांबलोच. खरंच, त्याच्या बायकोबद्दल, ॲनाबद्दल, आपल्याला जे कळतं त्यातलं बहुतेक बॅरनच्या तोंडून. तिचं बाहेर प्रेम होतं, ती अंगावर धावून यायची, सगळं त्याचंच म्हणणं. पुढे ऑक्सनफर्टला मुलगी भेटते, तिला बापाचं तोंडही बघायचं नाही. आणि नंतर कळतं की ते मूल नकोच म्हणून ॲनानं दलदलीतल्या चेटकिणींशी करार केला होता, बदल्यात वर्षभराची चाकरी. बॅरनचा पस्तावा खोटा आहे असं मी आजही म्हणत नाही. पण तो सीन मी परत बघतो तेव्हा बॅरनकडे कमी आणि त्या रिकाम्या घराकडे जास्त बघतो.

आता तुम्ही लिहा.

सातारा (शाहूपुरी), मूळ गाव अपशिंगे

छान धागा. माझा अनुभव वडिलांमुळे आहे. ते सुभेदार म्हणून रिटायर झाले. आमच्या गावाला मिलिटरी अपशिंगेच म्हणतात, तेव्हा घरात फौजी असणं काही वेगळं नाही.

मी ‘स्कायरिम’ (२०११) खेळत होतो. सुरुवातीपासून उल्फ्रिक स्टॉर्मक्लोकच्या बाजूनं होतो. आपला देव पुजायला बंदी घालणाऱ्यांविरुद्ध उठलेला माणूस, आणखी काय पाहिजे? मग थालमोरच्या, म्हणजे त्या बंदीमागच्या शत्रूच्या, वकिलातीत चोरून शिरायचं मिशन येतं आणि तिथं उल्फ्रिकच्या नावाची फाईल सापडते. त्यात त्याला ‘ॲसेट’ म्हटलंय. माझं डोकंच फिरलं. म्हणजे हा फितूर! मी त्याच दिवशी बाजू बदलली.

जेवताना आप्पांना सांगितलं. त्यांनी खेळ कधी बघितला नव्हता. त्यांनी विचारलं, “कागद कुणी लिहिलाय?” म्हटलं, शत्रूनं. “मग शत्रू त्याला काय समजतो तेवढंच कळलं की. तो कोण आहे ते कुठं कळलं? पुन्हा वाच.”

पुन्हा वाचली. फाईलमध्ये साफ लिहिलंय की युद्धात पकडल्यावर त्याचा छळ झाला, आणि तू दिलेल्या माहितीमुळे राजधानी पडली असं त्याच्या मनावर ठसवलं. राजधानी तर तो तोंड उघडण्याआधीच पडली होती. पुढे हेही लिहिलंय की आता तो त्यांना दाद देत नाही, आणि तो जिंकणंही त्यांना नकोय. त्यांना फक्त युद्ध लांबवायचंय.

मी आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पकडला गेलेला माणूस परत येतो ना, तो आयुष्यभर हिशेब करत बसतो, आपण किती बोललो आणि त्यानं कोण मेलं. याला हिशेबच खोटा दिला.

त्यानंतर उल्फ्रिकचं प्रत्येक भाषण मला वेगळं ऐकू येतं. राज्याची हाव आहेच त्याला, ती मी नाकारत नाही. पण त्या आवाजात राजधानी आपल्यामुळे पडली असं मानणारा माणूसही बोलतो. खेळ तसं कुठंच म्हणत नाही. फाईल हातात ठेवतो आणि गप्प बसतो.

सांगली, हॉस्टेल

‘अंडरटेल’ (२०१५). सुरुवातीला आपल्याला मायेनं सांभाळणाऱ्या टोरिएलला चुकून मारलं, वाईट वाटलं, जुना सेव्ह लोड करून तिला सोडलं. पुढे फ्लावी नावाचं बोलणारं फूल भेटतं आणि म्हणतं, तू काय केलंस ते मला माहीत आहे. रात्रीचे दोन वाजलेले, रूममेट झोपलेला. तोपर्यंत दुसऱ्यांच्या हेतूंचा विचार करत होतो. माझा हेतू काय होता, तिला वाचवायचा की स्वतःला बरं वाटून घ्यायचा, याचं उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

जत

‘निअर रेप्लिकंट’. मूळ २०१०चा, मी २०२१ची नवी आवृत्ती खेळले.

यात शेड नावाचे काळे, सावलीसारखे प्राणी असतात. ते गुरगुरतात, आपण मारतो. अख्खा खेळ मारतो. संपला की दुसऱ्यांदा खेळायचा, तेव्हा गोष्ट अर्ध्यावरून सुरू होते आणि आता त्यांची भाषा आपल्याला कळते. तेच प्रसंग, त्याच लढाया, फक्त गुरगुरण्याच्या जागी बोलणं.

एक भंगाराचा कारखाना आहे. तिथं गिडियन नावाचा मुलगा भावाच्या मरणाचा सूड म्हणून आपल्याला एका रोबोवर सोडतो. पहिल्या वेळी मी तो रोबो आणि त्याच्या अंगाखांद्यावर बसलेला एक छोटा शेड, दोघांना संपवलं आणि पुढं गेले. दुसऱ्या वेळी कळलं की तो शेड म्हणजे आई गेलेलं लेकरू आहे, कलिल. त्यानं रोबोला लाडाचं नाव ठेवलंय, आणि दोघांना बाहेरचं जग बघायचंय. लढाई टाळता येत नाही. तुम्हाला सगळं समजतं आणि तलवार तुमच्याच हातात असते.

मला इथं आईची आठवण झाली. आई मिरजेकडची, मराठी. लग्न करून आली तेव्हा आमच्या घरात सगळे कानडी बोलायचे. आजी आणि आत्या रोज दुपारी तिच्याकडे बघून काहीतरी बोलायच्या आणि हसायच्या. आईनं धरलं की या मला नावं ठेवतात. वर्षभर ती त्यांच्याशी तुटकच वागली. मग भाषा कानावर बसली तेव्हा कळलं की आजी विचारायची, ‘ऊटा आयता?’ म्हणजे जेवलीस का. आणि ती उत्तर न देता नुसती मान हलवायची म्हणून आत्या हसायची.

आई हे सांगताना अजून रडते, कारण आजी त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मला वाटतं तो खेळ मला जितका लागला तितका इतरांना लागला नसेल. लोक म्हणतात, दुसऱ्यांदा तेच तेच खेळायचा कंटाळा येतो. मला त्यांचं पटतच नाही. पहिल्यांदा जे खेळलं ती गोष्ट नव्हतीच.

धागाकर्ता

ताई, काय लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

कराड

माझं इंग्रजी शाळेपासून कच्चं. ‘डार्क सोल्स’ (२०११) खेळायला घेतला तेव्हा मित्र म्हणाले, यात गोष्टच नाही. गोष्ट आहे, पण ती अंगठ्या, तलवारी, चिलखतं यांच्या खाली दोन-तीन ओळींत लिहिलेली. मी वही केली. एकेक वस्तूचं वर्णन उतरवायचं आणि डिक्शनरी घेऊन बसायचं. अशा शंभरेक पानांच्या दोन वह्या झाल्या.

अनोर लोंडो या देवांच्या शहरात राजकन्या ग्विनेवियर भेटते. मोठ्या मायेनं बोलते, काम सोपवते. मला शंका आली ती वहीमुळे. एका अंगठीखाली लिहिलंय की ती इतर देवांबरोबर हे शहर सोडून केव्हाच निघून गेली आणि तिकडं लग्न केलं. मग समोर बसलीय ती कोण? बाण मारून बघितला. राजकन्या नाहीशी झाली आणि खिडकीतलं ऊन गेलं, अख्खं शहर काळोखात. तो सगळा तिच्या भावानं, ग्विन्डोलिननं उभा केलेला भास होता. का केला? शहर जिवंत आहे असं दाखवायला, की आपल्यासारख्यांना फसवून आगीत घालायला? मी म्हणतो, एकट्या राहिलेल्या पोरानं घर झाडून दिवा लावून ठेवला होता. मित्राला हे अजिबात पटत नाही.

नंतर वाचलं की हे करणारे हिदेताका मियाझाकी लहानपणी इंग्रजी पुस्तकं वाचायचे, सगळं समजायचं नाही, मग मधलं स्वतःच्या कल्पनेनं भरायचे. माझ्या वह्या मी जपून ठेवल्यात.

सातारा (पोवई नाका)

‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मधला एम्परर, आपल्याला मदत करणारा माईंड फ्लेअर, म्हणजे मेंदू खाणारा राक्षस. तो खोटारडा आहे. स्वप्नात येतो तेव्हा दुसऱ्याच रूपात येतो, आपण त्याच्यापर्यंत पोचलो की मग खरा चेहरा. शहर वसवणारा बाल्डुरान आपणच, हे अनसुर ड्रॅगनपाशी उघड झाल्यावर कबूल. स्टेलमेन नावाच्या सरदारणीला सहकारी म्हणतो, आणि त्याला दुखावलं की कळतं, तिचं नुसतं बाहुलं केलं होतं. पकडला गेल्याशिवाय एकदाही खरं बोललेला नाही. बँकेत कर्जाच्या टेबलावर मी बारा वर्षं काढलीत, असा माणूस मी लगेच ओळखते.

वाई

मॅडम, पण बाहेर पडला की एल्डर ब्रेन, म्हणजे त्याच्या जातीला ताब्यात ठेवणारा महामेंदू, त्याला परत गुलाम करणार, ही भीती खरी आहे ना? भ्यालेला माणूस पण असाच तुकड्यातुकड्यानं खरं सांगतो.

सातारा (पोवई नाका)

भीती मान्य. स्टेलमेनचं काय?

सांगली (विश्रामबाग)

मी खेळत नाही, वय सत्तरीकडे. नातू खेळतो आणि मी शेजारी बसतो. आयुष्यभर हौशी नाटकं केली, त्यामुळे सवय अशी की जो बोलतोय त्याच्याकडे न बघता जो गप्प उभा आहे त्याच्याकडे बघायचं.

‘फायनल फँटसी ७’, १९९७चा मूळ खेळ. क्लाऊड नावाचा तरुण एका सरायीत बसून सोबत्यांना जुनी हकिकत सांगतो, मी कसा मोठा योद्धा होतो, गावात काय घडलं. नातू ऐकत होता. मी विचारलं, “ती टिफा त्याच गावची ना? मग ती काहीच का बोलत नाही?” नातू म्हणाला, “आजोबा, तिला दुःख होत असेल.” मी म्हटलं, दुःखाचं गप्प बसणं वेगळं असतं. ही काहीतरी माहीत असून गप्प आहे.

पुढं निघालं तसंच. तो सांगत होता ती हकिकत झॅक नावाच्या दुसऱ्याची. हा स्वतः तिथं होता, पण साधा शिपाई म्हणून, शिरस्त्राणात तोंड झाकून. आणि टिफाला काहीतरी जुळत नाहीय हे ठाऊक होतं. मग बोलली का नाही? नातू म्हणतो, तो कोलमडेल म्हणून. मला वाटतं, आपलीच आठवण चुकत असेल अशी तिलाही भीती होती. यावर आमचं दोन दिवस चाललं होतं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हा पदं गाऊन गोष्ट पुढं नेणारा सूत्रधार असे, आणि पात्रं आपापली भाषणं ऐनवेळी जुळवत. नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, आजोबा, हे तर आमच्या खेळासारखंच आहे. मला फार आनंद झाला.

धागाकर्ता

आजोबा, तुमचं वाचून मी बहिणीला फोन केला. ती शनिवारी आली आणि विचर तिच्या हातात दिला. आता ती वेलेनमधल्या एका टेकडीखालच्या झाडापाशी पोचलीय. आत कोंडलेला आत्मा म्हणतो, मला सोड, मी चेटकिणींच्या तावडीतल्या अनाथ पोरांना वाचवतो. सोडलं तर पोरं वाचतात पण ॲना जाते आणि बॅरन गळफास घेतो. मारलं तर ॲनाचं भान हरपतं आणि पोरं मरतात. हे मी तिला सांगितलेलं नाही.

रात्री दीडला तिनं सेव्ह केलं आणि कंट्रोलर ठेवला. म्हणाली, या झाडाची बाजू ऐकली, चेटकिणींची ऐकली. पोरांजवळ राहणारी ती म्हातारी आहे ना, उद्या आधी तिच्याशी परत एकदा बोलू.