बँड तोच, माणसं बदलली: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या रविवारी इंडियन ओशन परत ऐकत बसलो होतो, २००० सालचा 'कंदिसा' अल्बम, आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी दिल्लीत सुरू केलेला बँड, १९९१ ला राहुल राम आले, १९९४ ला अमित किलम, आणि आम्ही पुण्यात हॉस्टेलवर ज्यांच्या कॅसेटी झिजवल्या ते हे चौघं. २५ डिसेंबर २००९ ला असीम गेले. ते मांडी घालून तबला वाजवता वाजवताच गायचे, त्यामुळे माणूस एक गेला पण जागा दोन रिकाम्या झाल्या, आणि त्या भरायला शेवटी दोघं लागले, गायला हिमांशू जोशी आणि तबल्यावर तुहीन चक्रवर्ती. मग २०१३ ला सुस्मित सेनही बाहेर पडले, गिटारवर निखिल राव आले. म्हणजे ज्यांनी सुरू केला ते दोघंही आता त्यात नाहीत. तरी मला बँड तोच वाटतो, कारण एक छोटी धून धरायची आणि अजिबात घाई न करता तिला वाढवत न्यायचं ही त्यांची सवय अजून तशीच आहे.

पुण्यात कॉलेजागणिक बँड होते आणि आहेत. तुमच्यातून कोण गेलं, कोण आलं, गाणी काय झाली, सगळं लिहा. नावं नकोत, बाकी मोकळेपणाने.

*

मी बेस वाजवायचो. खरं म्हणजे मी गिटारिस्ट, पण आम्ही तिघं गिटारवाले एकत्र आलो आणि बेसला कोणीच नाही म्हणून मी गेलो, आणि मग तेच आवडायला लागलं. आमचा पहिला ड्रमर नोकरी लागून बंगळुरूला गेला. दोन महिने कोणी मिळेना, शेवटी ढोल-ताशा पथकातला एक जण आला, ताशा वाजवणारा. हात म्हणजे काय सांगू, स्नेअरवर असे रोल की आम्ही वाजवायचं सोडून बघत राहायचो. पण पाय! ताशाला पाय लागतच नाही ना, त्यामुळे पायाने वाजवायच्या किक ड्रमवर तो पार अडखळायचा, आणि बेसवाल्याला सगळा आधार त्या किकचाच असतो. रोज कॉलेज सुटल्यावर आम्ही दोघंच तासभर बसायचो, बाकी काही नाही, फक्त किक आणि बेस. सहा महिने लागले. तोपर्यंत आमच्या गाण्यांची चालच बदलून गेली होती, सरळ चार मात्रांच्या गाण्यात तो मध्येच ताशाची तर्री, म्हणजे ती सलग जलद कडकड, टाकायचा आणि ते इतकं शोभायचं की जुन्या ड्रमरबरोबरची रेकॉर्डिंग्ज आता मला रिकामी वाटतात. एकच अडचण होती, पावसाळा सुरू झाला की तो नदीपात्रात पथकाच्या सरावाला, ते थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. त्या काळात आम्ही गिग घ्यायचोच नाही.

*

माझा मुलगा बँडमध्ये होता, प्रॅक्टिस आमच्या कोथरूडच्या घरी. मला त्यातलं संगीत फार कळत नाही, पण मी दारातल्या चपला मोजून पोहे भिजवायचे. पाच जोड, मग चार, मग एकदम सहा. एक मुलगा एमएसला जर्मनीला गेला, जायच्या आदल्या दिवशी येऊन पाया पडला आणि त्याची काळी वायर आमच्याकडे ठेवून गेला, काकू पुढच्याला लागेल म्हणाला. सोसायटीतल्या लोकांनी तक्रार केली तेव्हा मी स्वतः वरच्या आजींकडे जाऊन बोलले, दुपारी चार ते सहा एवढीच वेळ ठरवून घेतली. शेवटी शेवटी जी मुलं यायची त्यातलं सुरुवातीचं कोणीच नव्हतं, माझा मुलगासुद्धा नाही, तो तेव्हा नोकरीला लागला होता. पण प्रॅक्टिस आमच्याकडेच. पोरं घरात असली की बरं वाटायचं.

*

मुंबईचं रॉक मशीन आठवतंय का कोणाला? १९८४ चा बँड, १९९३ ला नाव बदलून इंडस क्रीड झाला, १९९७ ला थांबला आणि २०१० ला परत उभा राहिला, काही जुने काही नवे. माझ्या मोठ्या भावासाठी ते कायम रॉक मशीनच.

*

मी साउंड करतो, कॉलेजच्या फेस्टना खूप केलंय. उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद म्हणजे बंद, त्यामुळे शेवटच्या बँडची नेहमी घाई. माणूस बदलला की मला मिक्सरवर कुठलं वाद्य कुठल्या चॅनेलला ते लिहितानाच कळतं. मागच्या वर्षी कीबोर्ड होता, यंदा ती लाइन नाही. विचारत नाही मी काही, फक्त त्या जागी गिटार जरा वर घेतो.

*

मी बदली म्हणून आलेली गायिका. आधीचा गायक मुलगा होता, सगळी गाणी ई मध्ये बांधलेली, कारण सगळ्यात जाड तार मोकळी सोडली की तिथे तो भार मिळतो. मला ती पट्टी जमेना, खालचे सूर ऐकूच येत नव्हते आणि सप्तक चढवलं की वर ओढाताण. म्हणून सगळं ए मध्ये नेलं तर गिटारवाला अक्षरशः हिरमुसला, त्याच्या रिफचा, म्हणजे गिटारच्या परत परत येणाऱ्या त्या तुकड्याचा, दमच गेला. दोन आठवडे त्यावरून वाद, एकदा तर मी रडून घरी गेले. मग आम्ही रिफ ई मध्येच ठेवली आणि माझी चाल बदलली, मुखडा मधल्या पट्ट्यात जवळजवळ बोलल्यासारखा, आणि अंतऱ्याला वर उडी. जुने श्रोते पहिल्या शोनंतर म्हणाले, पूर्वीचं गाणं कुठे गेलं? त्यांचं चूक नव्हतं, ते त्या गाण्यावर खरंच प्रेम करायचे. तिसऱ्या शोला पूर्वीचा गायक स्वतः ऐकायला आला होता. मी मुखडा सुरू केला, तर तो समोर उभा राहून त्याची जुनी चाल गुणगुणत होता, आणि अंतऱ्याला मात्र माझ्याबरोबर वर आला.