साताऱ्यात पांढरे, सांगलीत करडे: मशीनसाठी पावडर कोणती घेऊ?

माहुलीची_लेक

नमस्कार मंडळी. जूनमध्ये ह्यांची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून सांगलीला आलो, विश्रामबागेत सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये. मशीन तेच, सात किलोचं फ्रंट लोड. पावडरही तीच, चार वर्षं वापरतेय. पण इथं आल्यापासून कपड्यांची रयाच गेली. मुलाचे शाळेचे पांढरे शर्ट करडे झालेत, टॉवेल वाळले की पापडासारखे उभे राहतात आणि काळ्या लेगिंगवर पांढरट रेघा उठतात. एका मापाचं दीड केलं, मग दोन केलं. फरक पडला नाही, उलट आता कपडे हाताला बुळबुळीत लागतात.

भरीला सासरे. निवृत्त झालेत, पण मार्केट यार्डात ओळखीच्या अडत दुकानात हळदीचा हिशेब बघायला रोज जातात. घरी येतात ते कॉलरपासून मनगटापर्यंत पिवळे होऊनच. काल त्यांचा शर्ट साबणानं घासला तर डाग लालभडक! मी घाबरून सोडूनच दिला.

तर पावडर घ्यावी की लिक्विड? कोणत्या कंपनीचं? महिन्याला चारशे-पाचशेच्या वर जायचं नाही.

तासगावचा_बेदाणा

सासऱ्यांना हळदीतून काढा आणि आमच्याकडं बेदाण्याच्या सौद्याला पाठवा. डाग पडले तरी गोड पडतील.

विश्रामबागवाली

मी एरियल मॅटिकचं फ्रंट लोड लिक्विड वापरते. जाऊबाई सर्फ एक्सेल मॅटिकवर खूश आहेत. दोन्हींत मला तरी डावं-उजवं करता आलं नाही. जे ऑफरमध्ये असेल ते आणते.

मिरजेचा_पानाडी

ताई, पावडरीला शिव्या द्यायच्या आधी एक सांगा. मशीनला पाणी कुठलं येतंय, नळाचं का बोअरचं? मी सतरा वर्षं मशीन दुरुस्त करतोय. मिरज, कुपवाड, सांगली, सगळीकडं फिरतोय. गिऱ्हाईक दहा पावडरी बदलतंय, पण पाण्याकडं कुणी बघत नाही.

घरच्या घरी बघायचं असलं तर पारदर्शक बाटली घ्या, अर्धी पाण्यानं भरा. अंगाच्या साबणाचा चाकूनं काढलेला नखाएवढा तुकडा टाका आणि दणादण हलवा. कपड्याची पावडर टाकू नका, तिनं कळत नाही. फेस वर टिकला आणि खाली पाणी नितळ राहिलं तर पाणी चांगलं. फेस बसला आणि पाणी फुटलेल्या दुधासारखं झालं तर समजा पाण्यात क्षार लई आहेत.

आणि पावडर वाढवत न्यायचं आधी थांबवा. फ्रंट लोडला पाणी कमी लागतंय, म्हणून तर ते घेतलं तुम्ही. त्यात पावडर दुप्पट घातली की फेस जास्त होतो. कपडे वर जाऊन आपटायचे ते फेसाच्या गादीवर पडतात, मळ निघत नाही, खळबळून पावडरही निघत नाही. तीच तुमची बुळबुळ. खात्री करायची असली तर धुतलेले चार टॉवेल परत मशीनला घाला, पावडरीचा कणही टाकू नका, नुसतं पाणी चालवा. काचेतून फेस दिसला तर तो मागच्या धुण्याचा.

हातानं धुवायची निळी पावडर तर फ्रंट लोडला चुकूनही घालू नका. एका घरी स्वस्त पडते म्हणून घालत होते. फेस दारातून बाहेर आलेला, घरात गणपतीची आरास केल्यागत.

माहुलीची_लेक

दादा, बाटली करून बघितली. स्वयंपाकघरातला नळ महापालिकेचा, त्यात बरा फेस आला. मशीन गॅलरीत आहे, तिथं आणि बाथरूममध्ये सोसायटीची बोअरची लाइन. त्या बाटलीत फेस औषधालाही नाही, नुसता चोथा! टॉवेलवाला प्रयोगही केला. पावडर न घालता काच अर्धी पांढरी झाली. लाज वाटली हो.

कासपठार

साताऱ्यात आम्हाला कासचं पाणी. वर पठारावर जांभा, त्यावर पडलेलं पावसाचं पाणी तलावात साठतं, त्यामुळं क्षार कमी. तुमच्या निम्म्या मापात आमचं भागतं. माहेरचं पाणी सासरी नेता येत नाही, ताई.

निवृत्त_रसायनवाली

मी कॉलेजात अनेक वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावते.

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो, तो धडा इथं लागू आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा साका होतो, तोच बाटलीतला चोथा. डिटर्जंटचा साबणासारखा चोथा होत नाही, पण त्याची बरीचशी ताकद क्षारांशी झुंजण्यात जाते आणि मळ काढायला थोडी उरते. सुटलेला मळ आणि क्षार पुन्हा कापडावर बसतात, म्हणून पांढरं करडं होतं. टॉवेलच्या धाग्यांत हेच साठलं की तो कडक.

"आमचं बोअरचं पाणी तपासलंय, पिण्यालायक आहे" असं लोक सांगतात. असेल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण कठीणपणा, म्हणजे याच कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत ठेवावा असं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. पोटाला जे चालतं ते पांढऱ्या शर्टाला चालेलच असं नाही. टीडीएसचं पेन घेऊन बसू नका, ते सगळे विरघळलेले क्षार मोजतं, त्यातला कठीणपणा किती ते सांगत नाही.

आता हळद. डाग लाल झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. आपलं पारंपरिक कुंकू कसं करतात? हळदीवर चुन्याची निवळी आणि लिंबाचा रस. तुमच्या साबणानं चुन्याचं काम केलं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी द्रवात लाल होतं, साबण धुऊन निघाला की पुन्हा पिवळं. सासऱ्यांचा शर्ट घरी आल्यावर आधी कोरडाच गॅलरीत झटकायचा. ओला केला की भुकटी धाग्यात शिरते. मग कॉलर-कफला लिक्विड चोळून पंधरा मिनिटं ठेवायचं, धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. कर्क्युमिन उन्हाला टिकत नाही. जेवणातल्या हळदीला तेलाची जोड असते, तिथं आधी तेल काढावं लागतं. यार्डातली हळद कोरडी, त्या मानानं सोपी.

पुड्यावर एन्झाइम लिहिलेलं असतं, ते दूध, रक्त, घाम, वरण-भात यांच्या डागांना. हळदीला त्यांचा उपयोग नाही. तिला ऑक्सिजन ब्लीच लागतं, ते पावडरीत घालता येतं. लिक्विडमध्ये सहसा नसतं, कारण पाण्यात ते टिकत नाही. म्हणून पांढऱ्या सुती कपड्यांना पावडर आणि ४० ते ६० अंशांचं पाणी, रंगीत रोजच्या कपड्यांना लिक्विड आणि साधं पाणी, अशी वाटणी करा. एन्झाइमवाल्या पावडरीत कपडे भिजवायचे असतील तर उकळतं पाणी ओतू नका, एन्झाइम निकामी होतात.

गणपतीपेठ_काकू

एवढं कशाला? पाण्यात तुरटी फिरवा. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी यायचं तेव्हा आम्ही तेच करायचो. आणि खायचा सोडा अन् व्हिनेगर एकत्र करून मशीनला घाला, व्हिडिओत बघितलंय. आरओचं वाया जाणारं पाणीही मी धुण्याला घेते, बचत होते.

निवृत्त_रसायनवाली

काकू, तुरटी गाळ खाली बसवते, विरघळलेले क्षार काढत नाही. गढूळपणा वेगळा, कठीणपणा वेगळा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले की फसफस बघायला छान वाटते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि मागे उरतं ते जवळजवळ खारं पाणी. आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे तर गाळून काढलेले क्षार ज्यात जमलेत ते पाणी. फरशी पुसा, संडासात ओता, मशीनमध्ये नको.

गणपतीपेठ_काकू

असं होय! तरीच माझे टॉवेल पण असेच. धुण्याचा सोडा तरी चालेल का नाही, तेवढं सांगा.

निवृत्त_रसायनवाली

धुण्याचा सोडा पाण्यातलं कॅल्शियम खरंच काढतो, तुमची सासू उगाच वापरत नव्हती.

मिरजेचा_पानाडी

बाई, मान राखून सांगतो, मशीनला सोडा नको. मी हीटर बाहेर काढतो तेव्हा बघतो की. बंबाच्या आत धरतो तसा पांढरा थर, हातोडीनं उडवावा लागतोय. सोडा घालणाऱ्यांच्या घरी जास्त.

निवृत्त_रसायनवाली

तुमचं बरोबर आहे, मीच अर्धं सांगितलं. सोड्यानं कॅल्शियम निघतं म्हणजे ते खडूसारखं होऊन पाण्यातून बाहेर पडतं. बादलीत भिजवलं तर तो साका पाण्याबरोबर ओतून देता येतो. मशीनमध्ये तो कपड्यावर आणि हीटरवर बसतो. तेव्हा काकू, सोडा बादलीत, मशीनमध्ये नाही. आपल्याकडच्या पावडरीत थोडाफार सोडा असतोच, म्हणून पाण्यात क्षार फारच असतील तिथं लिक्विड बरं पडतं.

मिरजेचा_पानाडी

हेच म्हणायचं होतं. ताई, तुमचं काम तर सोपं आहे. स्वयंपाकघराच्या लाइनीतून गॅलरीपर्यंत पाइप ओढून घ्या आणि मशीन नळाच्या पाण्यावर टाका. ज्यांना नुसतं बोअरच आहे त्यांनी पाण्याचे क्षार काढणारा सॉफ्टनर बसवायचा. त्यात रेझिन असतंय, ते कॅल्शियम धरतंय आणि सोडियम सोडतंय. अधूनमधून मिठाचं पाणी घालून ताजं करावं लागतंय. लोक बसवतात आणि मीठ घालायचं विसरतात, मग नुसता शोभेचा डबा.

साठलेला थर काढायला लिंबूसत्व, किराणा दुकानात मिळतं ते. रिकाम्या मशीनला, गरम पाण्याच्या सायकलवर. त्याच वेळी क्लोरीनचं ब्लीच अजिबात घालायचं नाही, विषारी वायू होतो. आणि धुणं झालं की दार उघडं ठेवा, रबरात काळी बुरशी धरते ती बंद दारामुळं.

टॉवेलला कम्फर्टसारखं कपडे मऊ करायचं सॉफ्टनर घालत असाल तर ते बंद. मऊ लागतंय, पण धाग्यावर थर बसतो आणि अंगाचं पाणी टिपत नाही.

तासगावचा_बेदाणा

आमच्या बोअरच्या पाण्यानं पांढऱ्या कपड्याला गंजासारखे पिवळे ठिपके पडतात. ब्लीच मारलं तर आणखी गडद. हे काय?

निवृत्त_रसायनवाली

लोखंड. ब्लीचनं ते गंजतं आणि पक्कं बसतं. डागावर लिंबूसत्वाचं पाणी लावा, थोडा वेळ ठेवा, धुवा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीजवळ लावून बघा.

माहुलीची_लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमस्व. प्लंबरनं स्वयंपाकघरातून पाइप ओढून दिला, सातशे रुपये घेतले. सोसायटीच्या सेक्रेटरीनं भुवया उंचावल्या, पण आमच्याच फ्लॅटच्या आतलं काम म्हटल्यावर गप्प बसले. मग दोन वेळा लिंबूसत्व घालून रिकामं मशीन चालवलं. पहिल्या वेळी निघालेलं पाणी बघवत नव्हतं. टॉवेलही एकदा लिंबूसत्वाच्या गरम पाण्यातून काढले आणि दोनदा नुसते खळबळले.

टॉवेल सुधारले, अगदी साताऱ्यासारखे नाही पण अंगाला टोचत नाहीत. शर्टांपैकी दोन काही केल्या पांढरे होईनात, ते आता फरशीला गेले. बाकीचे बरे दिसतात. पावडर तीच ठेवलीय, ब्रँड बदललाच नाही. पुड्यामागे सात किलोला जे माप लिहिलंय तेवढंच घालते, अर्धं मशीन असेल तर त्याहून कमी. रंगीतसाठी लिक्विडची छोटी बाटली आणली. महिन्याचा खर्च साडेतीनशेच्या आत बसला, कारण आधी मी दुप्पट ओततच होते.

हळदीचं गणित मात्र मजेशीर झालं. मी सासऱ्यांना म्हटलं, शर्ट गॅलरीत झटकून मग आत या. ते म्हणाले, "अगं, शर्ट पिवळा आहे तोवर बाजार चालू आहे असं समज." पण आता झटकतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची तक्रार आलीय की त्यांच्या तुळशीवर पिवळा थर बसतो.

आता शेवटचं. सासूबाईंची इरकल मशीनच्या 'डेलिकेट'वर घालू का? त्यांना विचारायची हिंमत नाही.

गणपतीपेठ_काकू

नको गं बाई! रेशमाचे काठ आहेत ना? मशीन नको, ती तुमची एन्झाइमवाली पावडरही नको. रिठे रात्री भिजव, सकाळी कुस्करून ते पाणी गाळून घे आणि थंड पाण्यात हलक्या हातानं. पदर आधी वेगळा भिजवून रंग जातो का बघ. आणि सावलीत वाळव, हळदीच्या शर्टाशेजारी नको.

निवृत्त_रसायनवाली

काकूंचं शंभर टक्के बरोबर. रेशीम म्हणजे प्रथिन, आणि काही एन्झाइम प्रथिनंच खातात.

गणपतीपेठ_काकू

बघा, एक तरी माझं बरोबर निघालं.