उपवासाच्या ताटात आपलं असं उरतं तरी काय?

चकलीचा_सोऱ्या
परवा एकादशीला माझ्या भाच्याने आईला विचारलं, आजी साबुदाण्याचं झाड कसं असतं गं? आई म्हणाली कोकणात असेल, दादा म्हणाला अरे ते कसलंतरी बी असतं, आणि मी गप्प, कारण वीसेक वर्षं खिचडी करतेय पण हा प्रश्नच कधी पडला नाही. मग रात्री मोबाईल घेऊन बसले तर कळलं की बटाटा, मिरची, शेंगदाणे सगळं पोर्तुगीजांच्या नंतरचं. म्हणजे खिचडीत आपलं काय, तूप? हे खरंय का फॉरवर्ड ज्ञान आहे? आणि खरं असेल तर माउलींच्या काळी वारकरी उपवासाला खात काय असतील?

घाटउतार
साबुदाण्याचं मी सांगतो, सेलमला चार वर्षं नोकरी केलीय. झाड नाही, बी नाही, तो कारखान्यात तयार होतो. टॅपिओका म्हणून कंद असतो, तमिळमध्ये मरवळ्ळी किळंगू, केरळात कप्पा. दिसायला लांबलचक रताळ्यासारखा, साल तपकिरी. तो सोलून, धुऊन, यंत्रात किसून त्याचं दूध काढतात, ते टाक्यांमध्ये निवळू देतात, खाली जो पांढरा साका बसतो तो ओलसर असतानाच हलवून हलवून त्याच्या गोळ्या वळतात (बुंदीसारखं पाडत नाहीत, मला आधी तसंच वाटायचं), मग तापलेल्या तव्यांवर भाजून उन्हात वाळवतात. सीझनमध्ये रस्त्याकडेला वाळवणाची अंगणंच्या अंगणं पांढरी दिसतात आणि आंबूस वास तर विचारू नका.

कंद मूळचा ब्राझीलकडचा. पण गंमत अशी की 'साबु' हा शब्द त्याचा नाहीच. तो मलाय भाषेतल्या 'सागू'वरून आला, तिकडे सागू नावाच्या ताडासारख्या झाडाच्या खोडातला गर काढून असे दाणे करतात. म्हणजे तुमच्या आईचं अगदीच चुकलं नाही, झाड होतं, पण कोकणात नाही, मलाया इंडोनेशियाकडे. आधी माल तिकडूनच यायचा. १९४२ ला जपानने सिंगापूर घेतलं आणि आवक थांबली, त्याच दशकात सेलमकडे टॅपिओकापासून दाणे करायला लागले. नाव राहिलं, माल बदलला. आपल्या पणजीने खाल्लेला साबुदाणा आणि आपला साबुदाणा ही वेगवेगळी वनस्पती असू शकते.

शब्दवेडा
+१. आता बटाट्याचं ऐका. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यांनी तो कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांकडून उचलला आणि त्या लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे चक्क रताळं! बटाटा अँडीज पर्वतातला, तिकडच्या केचुआ भाषेत त्याला 'पापा' म्हणतात. युरोपात दोघांचा घोळ झाला आणि रताळ्याचं नाव बटाट्याला चिकटलं. म्हणजे उपवासाला तुम्ही बटाट्याचा कीस खा नाहीतर रताळ्याचा, शब्दाच्या हिशोबाने एकच.

शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. आपण त्याला भुईत येणारा मूग म्हणून मोकळे झालो, पण बंगालीत तो 'चिनेबादाम' आणि तमिळमध्ये 'मणिला कोट्टै', म्हणजे मनिलाची बी. नावावरूनच दिसतं की कोणाला तो कुठून आला असं वाटलं.

रोखठोक_७७
हे असलं लिहून आपल्याकडे काहीच नव्हतं हे सिद्ध करायचं असतं काही लोकांना. जुन्या संस्कृत ग्रंथांत 'आलुक' आहे, मग बटाटा बाहेरचा कसा? आणि मिरची नव्हती तर आपले पूर्वज काय अळणी खायचे का?

शब्दवेडा
@रोखठोक, आलुक आहे ना, पण तो सुरणासारख्या इथल्या कंदांसाठीचा शब्द. बटाटा आल्यावर हिंदीवाल्यांनी जुनं नाव नव्या कंदाला दिलं, आपण नवं नाव घेतलं, एवढाच फरक. आणि अळणी कशाला, मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. अकबराच्या दरबारातल्या पदार्थांची यादी आईन-ए-अकबरीत आहे, साधारण १५९० ची, तिच्यात तिखटाला मिरीच आहे, मिरची नाही. मिरी आपल्या पश्चिम घाटातली, तिच्यासाठीच तर पोर्तुगीज १४९८ ला एवढा वळसा घालून कालिकतला आले. न्यायला आले मिरी आणि देऊन गेले मिरची, आणि मिरचीला आपण नाव दिलं तेही मिरीवरूनच. यात कमीपणा कसला, उलट धंदा फायद्यात झाला म्हणायचा.

सुमनकाकू
माउलींच्या काळचं मी काय सांगू, पण माझ्या सासूबाईंचं सांगते. त्या साबुदाण्याला 'हे गिरणीतलं' म्हणायच्या आणि वरईचा भात, शिंगाड्याच्या पिठाचा शिरा, राजगिरा, सुरण, करांदे, केळी, दही एवढ्यावरच एकादशी काढायच्या. हे सगळं आपलंच की. ऋषीपंचमीला तर बैलाच्या कष्टाचं काही चालायचं नाही, परसातलं आणि आपोआप उगवलेलंच. मला वाटतं मूळ नियम तोच असणार, नांगरलेल्या शेतातलं धान्य नको. मग हे नवीन पदार्थ आले ते चालत नाहीत असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, बसले गुपचूप ताटात. बिचारी हळद आणि तूर इथल्याच मातीतल्या, त्या मात्र बाहेर!

वाट_चुकलेला_पुणेकर
काकू, राजगिऱ्याचा दाणा यादीतून काढा 😄 मी दोन वर्षं मेक्सिको सिटीत आहे. पहिल्याच आठवड्यात फुटपाथवर एक बाई राजगिऱ्याची वडी विकत होती, हुबेहूब आपली, वर शेंगदाणे आणि बेदाणे लावलेले. मला वाटलं कोणी गुजराती पोचला वाटतं इथे. तर तो त्यांचा जुना पदार्थ, नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. राजगिऱ्याला 'आमारांतो' म्हणतात आणि आझ्टेक लोक त्याच्या पिठाच्या देवांच्या मूर्ती करून पूजेनंतर वाटून खायचे. स्पॅनिश पाद्र्यांना तो प्रकार त्यांच्या चर्चमधल्या प्रसादाच्या फार जवळचा वाटला म्हणून त्यांनी ते बंद पाडायला बघितलं. धान्य तिकडचं, पण देवाधर्माशी नातं दोन्हीकडे. आपला माठ मात्र जुना, तो त्याचा इकडचा चुलतभाऊ.

सुमनकाकू
अगो बाई. आणि ऋषीच्या भाजीत आम्ही मक्याचं कणीस आणि लाल भोपळा घालतो, तो तरी?

शब्दवेडा
काकू, रागावू नका. दोन्ही अमेरिकेतले 🙏 सीताफळ रामफळही तिकडचीच मानतात. वरई, शिंगाडा, सुरण पक्के इकडचे, ते कोणी काढून घेत नाही.

चकलीचा_सोऱ्या
सगळ्यांना थँक्यू, आईला वाचून दाखवलं. मलायाचं ऐकून म्हणाली, म्हणजे मी झाड म्हटलं ते बरोबरच होतं, आणि दादाकडे असं काही बघितलं की बास. राजगिऱ्याचं मात्र तिला अजून पटलेलं नाही. बाकी घाटउतार, कारखाना बघितलाय म्हणून विचारते, माझी खिचडी कधी मोकळी होते कधी नुसता गोळा, असं का?

घाटउतार
दाण्यांवरचं मोकळं पीठ. दोन चार पाण्याने धुवा, पाणी नितळ दिसेपर्यंत, मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून रात्रभर झाका. सकाळी दाणा चिमटीत दाबला की मोडला पाहिजे. आणि दाण्याचं कूट आधीच मिसळून ठेवा, उरलेला ओलावा ते ओढून घेतं.