फडातल्या गरोदर बाईचं कार्ड

‘साखरेचा रोग आपल्या रक्तातच आहे,’ असं या चर्चेत एका ताईंनी लिहिलंय. ताई, नुसतं रक्त नाही, आईच्या पोटातले नऊ महिनेही त्यात आले. पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. पुढच्या मधुमेहाची बीजं तिथेच पडतात.

आता हे नऊ महिने उसाच्या फडात कसे जातात ते कर्नाटकातल्या अथणी-चिकोडीकडे बघा. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की महाराष्ट्रातून बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. सातव्या महिन्यातली बाई पहाटे फडात, डोक्यावर उसाची मोळी. तपासणीला जायचं तर कामाला खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. तिचं गरोदरपणाच्या तपासणीचं कार्ड मराठीत, इकडे चालतं ते कन्नड ‘तायी कार्ड’, म्हणजे आईचं कार्ड. लोहाच्या गोळ्या, धनुर्वाताची सुई मधल्यामधे राहून जाते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला, त्यामागेही पाळीत पडणाऱ्या खाड्याची भीती हे एक कारण होतं.

२०२३ मध्ये महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ मराठी सीमागावांना आपली जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, हे चांगलंच. पण ती इथल्या रहिवाशांसाठी. टोळीतल्या बाईचं कार्ड दोन्ही राज्यांनी मानावं आणि कारखान्याने हंगामभर नर्स टोळीच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) पाठवावी, एवढं तरी आपण मागूया.