मिडसमरच्या नोंदी: सुट्टीचा दिवस धरायचा की तारीख?

पाऊलवाट:
स्टॉकहोमच्या परिसरातल्या एकाच कुरणाची निसर्गवही सुरू करायची आहे. सोयीचा दिवस म्हणजे मिडसमरची, म्हणजे जूनमधल्या उन्हाळी सणाची सुट्टी. पण कॅलेंडर पाहिलं तर मिडसमरची पूर्वसंध्या २०२६ मध्ये १९ जूनला येते आणि २०२७ मध्ये एकदम २५ जूनला. दक्षिणायनारंभ मात्र दोन्ही वर्षी २१ जूनलाच. मग सुट्टीच्या दिवशीच्या नोंदींची वर्षावर्षांत तुलना होईल का? आणि नेमकं लिहायचं काय? आठवड्यातून दोनदा अर्धा तास देता येईल.

उत्तरवारा:
तुलना होणार नाही, कारण ही सुट्टी आता सूर्याला नाही, शनिवार-रविवारला जोडलेली आहे. स्वीडनमध्ये पूर्वी मिडसमर २४ जूनला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या दिवशी असायचा. १९५३ पासून पूर्वसंध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी आणि सण त्यानंतरच्या शनिवारी. फिनलंडने १९५५ मध्ये हेच केलं. एस्टोनिया आणि लॅटव्हियात मात्र २३ आणि २४ जून या सुट्ट्या अजून तारखेलाच आहेत.

सहा दिवसांच्या सरकण्याने उजेडात फारसा फरक पडत नाही. स्टॉकहोमला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेअठरा तासांचा असतो आणि त्याच्या आठवडाभर आधी किंवा नंतर दिवस जेमतेम ४ मिनिटांनी लहान असतो. फरक पडतो उष्णतेत. रोजचं सरासरी तापमान १५ अंश असेल, तर सहा दिवसांत झाडाला ५ अंशांच्या वर एकूण ६० अंश-दिवस (रोज ५ च्या वर जितके अंश, त्यांची बेरीज) जास्त मिळतात. तेवढ्यात कळीचं फूल होतं आणि लवकर फुललेल्याच्या पाकळ्याही गळतात.

म्हणून दोन पक्के दिवस धरा: ६ जून आणि २४ जून. ६ जून हा स्वीडनचा राष्ट्रीय दिन, २००५ पासून सार्वजनिक सुट्टी, त्यामुळे तो दिवस मोकळा मिळतो. मिडसमरची पूर्वसंध्या वेगळ्या रकान्यात लिहा, मुख्य नोंदीत मिसळू नका.

गवतफूल:
उत्तरवारांच्या दोन तारखा उत्तम आहेत, पण त्या केवळ कण्याचं काम करतात. खरा मजकूर मधल्या फेऱ्यांत मिळतो.

पाच-सहा जातींवर थांबा. बर्ड चेरी आणि लायलॅक ही झुडपं हवीतच, कारण बर्ड चेरी उमलल्यापासून लायलॅक उमलेपर्यंतचा काळ हा तिथला उन्हाळ्याच्या तोंडाचा जुना मापदंड आहे. त्यांच्यासाठी वही मेमध्येच उघडावी लागेल. मग ऑक्सआय डेझी, पिवळं बटरकप, लाल क्लोव्हर आणि जंगली जिरॅनियम. या शेवटच्याचं स्वीडिश नावच ‘मिडसमरचं फूल’ आहे, पण उबदार वर्षी ते सुट्टीची वाट पाहत नाही.

झुडपं ठरलेलीच हवीत. खोडाला खूण बांधा. लहान रोपांसाठी १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन चार खुंट्या ठोकून आखा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीजवळचं झाड निवडू नका. भिंत साठवलेली ऊब देते आणि नोंद झाडाऐवजी भिंतीची होते.

प्रत्येक जातीसाठी तीनच टप्पे: पहिली फुलं उमलली, निम्मी उमलली, सगळी कोमेजली. ‘पहिलं फूल’ हा शब्द फसवा आहे. चार दिवसांनी फेरी झाली, तर फूल त्यातल्या कुठल्याही दिवशी उमललेलं असू शकतं. म्हणून आधीच्या फेरीचं ‘अजून नाही’ हेसुद्धा तारखेसकट लिहा. ‘१० जून नाही, १३ जून होय’ ही नोंद नुसत्या ‘१३ जून’पेक्षा कितीतरी मोलाची.

कोकिळेच्या कुळातला कक्कू पक्षी मिडसमरच्या सुमारास ओरडायचा थांबतो. शेवटचा आवाज कुठला हे त्या दिवशी कळत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत ‘ऐकला’ किंवा ‘नाही’ लिहायचंच.

तापमानाचा हिशेब सोपा आहे: कमाल आणि किमान यांची सरासरी, वजा ५. १८ आणि ८ असेल तर १३ वजा ५, म्हणजे ८. उत्तर ऋण आलं तर शून्य. रोजची बेरीज पुढे नेत जा.

पाकळी:
एक महत्त्वाची गोष्ट राहिली: डोक्यावर घालायचा फुलांचा मुकुट. पूर्वसंध्येला लोक मुकुटासाठी आणि उशाखाली ठेवायच्या सात फुलांसाठी कुरणं धुंडाळतात. आखलेल्या चौकोनातलं एकही फूल तोडू नका, नाहीतर ‘निम्मी उमलली’ हा आकडा बिघडतो. तोडणी किमान २० मीटर दूर करा. स्वीडनमध्ये सगळी ऑर्किड संरक्षित आहेत, त्यांना हात नको. जिवंत बर्च झाडाच्या फांद्यांसाठी जमीनमालकाची परवानगी लागते.

छत्रीसारख्या पांढऱ्या गुच्छांची फुलं घेताना देठ पाहा. काउ पार्स्लीचा देठ खाचांचा आणि खाली लवदार असतो. गुळगुळीत देठावर जांभळट ठिपके दिसले तर ते विषारी हेमलॉक. माणसापेक्षा उंच, जाड देठाचं जायंट हॉगवीड तर दुरूनच टाळा. त्याचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की फोड येतात.

मुकुट कोमेजतो तो बहुतेक घाईमुळे. देठ १० ते १२ सेंटिमीटर ठेवून तोडा, लगेच पाण्यात घाला आणि दोन तास सावलीत ठेवून मगच बांधा. डेझी आणि क्लोव्हर टिकतात, खसखशीच्या पाकळ्या बांधतानाच गळतात.

पाऊलवाट:
गवत कापलं गेलं तर त्या वर्षाची नोंद सोडून द्यायची का?

गवतफूल:
नाही. कापणीची तारीख लिहा आणि त्या चौकोनातल्या जातींपुढे ‘कापणीमुळे तुटली’ अशी खूण करा. नंतर फुटव्यावर आलेली फुलं वेगळ्या ओळीत जातील, पहिल्या बहरात नाही. झुडपांच्या नोंदी तशाच चालू राहतील.