संध्याकाळची चिडचिड आणि साखरेच्या गोळ्या

'मधुमेही आजोबा जेवायला उशीर झाला की उगाच भांडतात, तो वयाचा हट्ट' हे निदान फार घाईचं वाटतं. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी बोट टोचून रक्तातली साखर बघा. दर डेसिलिटरला ७० मिग्रॅच्या खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं: घाम, थरथर, धडधड. ५४ च्या खाली मेंदूलाच इंधन कमी पडतं. मग माणूस अडखळत बोलतो, समोर धरलेला पेला ढकलून देतो. तो हट्ट नव्हे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉलसारखी गोळी असली तर थरथर-धडधड झाकली जाते, घाम मात्र सुटतो. मान घामाने ओली आहे का, हात लावून बघा.

साखर अशी उतरली की कुणी साखरेचं सरबत सुचवतं. एरवी ठीक, पण गोळीत व्होग्लिबोज असेल (मधुमेहाच्या तीन औषधांच्या एकत्र गोळीत बरेचदा असतं) तर सरबतातली साखर फुटून ग्लुकोज व्हायलाच वेळ लागतो, कारण ती फोडणारं विकरच (एन्झाइम) या औषधाने अडवलेलं असतं. अशा वेळी ग्लुकोज पावडरच हवी: १५ ग्रॅम, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या वर नसेल तर तेवढीच परत, आणि मग जेवण. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने उशीर होतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ १०८.